आत्मिक लढाई रोजच्या वहीत

राखेच्या बुधवारी, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत), राख लावण्याच्या बऱ्याच आधी, धर्मगुरू एक छोटी प्रार्थना म्हणतात. लोक अजून बाकांवर जागा शोधत असतात, त्यामुळे ती कानांवरून निघून जाते. त्या प्रार्थनेत पुढच्या दिवसांना सरळ मोहीम म्हटलं आहे. पवित्र उपासाने आम्ही ही मोहीम सुरू करतो, दुष्टाईच्या शक्तींशी झुंजताना आत्मसंयमाची शस्त्रं आमच्याजवळ असू देत, असं मागणं तिच्यात आहे. आमच्या धर्मग्रामातला साधनेचा गट दरवर्षी याच प्रार्थनेपासून सुरुवात करतो. बुधवारपासून सणाच्या आदल्या पुण्य शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात, सहा रविवार सोडले की ४०. नोकरी, घर, शेतीवाडी सांभाळून या दिवसांत आत्मिक लढाई कशी लढायची याची एक रीत आता बसली आहे. ती जशी चालते तशी इथे लिहीत आहोत.

रीतीचं मूळ सोळाव्या शतकातले स्पेनमधले संत इग्नेशियस लोयोला यांचं. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप पॉल तिसरे यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची, एकांतातली. पण ज्यांना कामधंदा सोडून जाता येत नाही त्यांनी रोज दीड तास काढावा, अशी सोय त्याच पुस्तकाच्या सुरुवातीच्या सूचनांमध्ये आहे. आम्ही तो वेळ आणखी उतरवला आहे: सकाळी अर्धा तास, दुपारी जेवणानंतर पाच मिनिटं, रात्री पंधरा मिनिटं. पहाटेची लोकल पकडणाऱ्या माणसाला याहून जास्त झेपत नाही, आणि न झेपणारं वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात मोडतं.

नव्याने आलेल्यांच्या डोक्यात आत्मिक लढाईचं एक चित्र पक्कं असतं: करणी, भूतबाधा, अंगात येणं, ओरडून केलेली प्रार्थना. म्हणून पहिल्या बैठकीत सगळ्यांना बायबलमधलं प्रेषित पौलाचं इफिसकरांस पत्र उघडायला लावतो. सहाव्या अध्यायातली शस्त्रसामग्री सगळ्यांना पाठ असते: सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. आम्ही तिथून मागे जायला सांगतो. शस्त्रसामग्रीच्या लगेच आधी पौल काय बोलतो आहे? नवरा-बायको, आईबाप आणि मुलं, धनी आणि दास. म्हणजे चिलखत चढवायचं ते या घरातल्या आणि कामावरच्या माणसांमध्ये वावरण्यासाठी. आणखी मागे, चौथ्या अध्यायात, सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका आणि सैतानाला वाव देऊ नका, ही दोन वाक्यं एकमेकांना लागून आहेत. शत्रू कुठून शिरतो ते पौलाने तिथेच सांगून टाकलं आहे. एवढं वाचून झालं की करणीची चर्चा बहुधा आपोआप थांबते.

मग वही. शंभर पानी, खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी. फोनमध्ये नोंद करतो म्हणणाऱ्यांना आम्ही ठाम नको म्हणतो. रात्री साडेदहाला फोन हातात घेतला की नोंद राहून जाते, आणि ज्या गोष्टींशी लढायचं त्यातल्या निम्म्या त्याच पडद्यावर वाट बघत असतात. वहीवर नाव घालायचं नाही, घरात उघड्यावर ठेवायची नाही. पूर्ण वाक्यं लिहायची गरज नसते, स्वतःला कळतील अशा खुणा पुरतात.

रात्रीचं आत्मपरीक्षण पाच पायऱ्यांचं. दोन मिनिटं आभार. एक मिनिट पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणं, म्हणजे आपला दिवस आपल्या नजरेने न बघता त्याच्या नजरेने दिसू दे असं म्हणणं. सात मिनिटं दिवसाची उजळणी. दोन मिनिटं क्षमा मागणं. उरलेली तीन मिनिटं उद्याचा एक निश्चय आणि शेवटी ‘हे आमच्या बापा’.

बिघडतं ते पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवर. आभाराची पायरी लोक गाळतात किंवा ‘कुटुंबाबद्दल, आरोग्याबद्दल धन्यवाद’ असं घाईत म्हणून उरकतात. त्याने काही होत नाही. आभार त्याच दिवसाचे आणि बोट ठेवून दाखवता येतील असे हवेत: शेजारणीने दुपारी जवळ्याची वाटी पाठवली, वसई रोडला चढताच बसायला जागा मिळाली, बापाचा ताप उतरला. आभार गाळून थेट पापांकडे गेलं की आठवडाभरात हे परीक्षण पोलीस चौकशीसारखं वाटू लागतं आणि माणूस ते टाळायला लागतो.

तिसऱ्या पायरीवरची गफलत वेगळी. ‘आज काही वाईट केलं नाही’ म्हणून उजळणी एका मिनिटात संपते. इग्नेशियस यांनी क्रम लावून दिला आहे: उठल्यापासून तासातासाने जायचं, आधी विचार, मग बोलणं, मग कृती. आपण उलटं करतो. कृती तपासतो, ती सापडली नाही की वही मिटतो. लढाई तर विचारातच होऊन गेलेली असते. ज्यांना तासातासाने जाणं जड जातं त्यांना आम्ही एकच प्रश्न देतो: आज मनातली शांती कुठल्या क्षणी गेली? तिथे खूण करा आणि त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत काय पाहिलं, ऐकलं, मनात आणलं ते आठवा.

या सर्वसाधारण परीक्षणाच्या जोडीला एकाच दोषावरचं परीक्षण चालतं. त्याची युक्ती चारशे-पाचशे वर्षांची असूनही अगदी हिशेबी आहे. वहीच्या एका पानावर सात दिवसांच्या सात जोड्या, प्रत्येक जोडीत दोन आडव्या रेघा. वरची रेघ सकाळपासून दुपारपर्यंतची, खालची दुपारपासून रात्रीपर्यंतची. रविवारच्या रेघा सर्वांत लांब, पुढच्या प्रत्येक दिवसाच्या थोड्या आखूड. चूक झाली की त्या रेघेवर एक टिंब. रेघा आखूड का, तर टिंबं कमी होत जावीत ही अपेक्षा पानावरच आखलेली असावी म्हणून. सकाळी उठताना निश्चय, दुपारी पहिली मोजणी, रात्री दुसरी. चूक झाल्या क्षणी हात छातीवर ठेवायचा, हीही मूळ सूचना. चारचौघांत केलं तरी कुणाला कळत नाही, अगदी विरार लोकलच्या गर्दीतही. हात छातीला लागतो तेव्हा प्रार्थना झालेली असते आणि दुपारी आकडाही आठवतो.

दोष निवडण्यात बहुतेक जण चुकतात. ‘राग’, ‘गर्व’, ‘वासना’ हे विषय मोजता येत नाहीत. मोजता येईल असा विषय म्हणजे ‘सकाळी घाई झाली की मुलांवर आवाज चढवणं’, ‘ऑफिसात नसलेल्या माणसाबद्दल वाईट बोलणं’, ‘अंथरुणात पडल्यावर फोन उघडणं’. एकाच वेळी एकच. दोन घेतले की दोन्ही सुटतात. कोणता घ्यावा हे ठरत नसेल तर घरच्या माणसाला विचारा. ते क्षणाचाही विलंब न लावता सांगतात.

इग्नेशियस यांच्या पुस्तकात मनातले विचार पारखण्याचे क्रमवार नियम आहेत. एकच का, याचं उत्तर त्यांतल्या चौदाव्या नियमात आहे. ते स्वतः सैनिक. शत्रू एखाद्या सेनापतीसारखा किल्ल्याभोवती फिरतो, तट कुठे कच्चा आहे ते हेरतो आणि तिथेच मारा करतो, असं ते लिहितात. वसईकरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला तो तटाखाली सुरुंग लावून, बुरूज पाडून. उरलेला तट मजबूतच होता, त्याचा पोर्तुगीजांना उपयोग झाला नाही. जो माणूस दानधर्मात पक्का आहे त्याला शत्रू दानधर्मात गाठत नाही. भावाशी बोलणं बंद आहे तिथे गाठतो.

मोजणीचा एक धोका आधीच सांगायला हवा. काहींचं मन मुळात शंकेखोर असतं. त्यांना टिंबं दिली की ती टिंबांनी पछाडली जातात. गवताच्या दोन काड्या क्रुसाच्या आकारात पडल्या होत्या, त्यांवर पाय पडला, पाप झालं का? हे उदाहरण इग्नेशियस यांचंच आहे, आणि हा चुकीचा निवाडा आहे, पाप नव्हे, असं ते स्पष्ट म्हणतात. स्पेनमधल्या मान्रेसा इथे त्यांनाही या शंकांनी इतकं ग्रासलं होतं की सुटका व्हावी म्हणून त्यांनी आठवडाभर अन्न सोडलं. शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी जेवायची आज्ञा केली तेव्हा ते जेवले. अशा स्वभावाच्या माणसाला आम्ही रेघांचं पान देतच नाही. त्याने फक्त आभार लिहायचे आणि तेच पाप पुन्हा पुन्हा सांगायला जायचं नाही. त्याची लढाई तीच असते.

दुसऱ्या आठवड्यापासून विचार ओळखण्याचं काम सुरू होतं, आणि सगळ्या साधनेत आम्हाला हाच भाग मोलाचा वाटतो. याची सुरुवातही आजारपणातली. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियस यांचा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात पडून असताना कधी दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नं, कधी संतांसारखं जगण्याची स्वप्नं, दोन्ही त्यांना गोड वाटत. फरक नंतर जाणवे. पहिली सरली की मन कोरडं पडे, दुसरी सरल्यावरही आनंद टिके. विचार येताना कसा वाटला हे फसवं, जाताना काय मागे ठेवून गेला ते खरं. वहीत विचारापुढे म्हणून दोन खुणा करायच्या: येतानाची आणि अर्ध्या तासानंतरची.

धार्मिक माणसाला उघड वाईट विचार फारसे दिले जात नाहीत. त्याला चांगलेच विचार दिले जातात, थोडे वाकवून. सैतान प्रकाशदूताचं सोंग घेतो हे पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहेच. त्यावरचा इलाज म्हणजे विचाराची सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही तपासणं. आमच्या पट्ट्यात हमखास आढळणारी एक साखळी बघा. ‘आईची सेवा करणं माझं कर्तव्य आहे.’ उत्तम. ‘ती सेवा मी एकटाच करतो.’ खरंही असेल. ‘भाऊ फक्त सणाला येतो.’ ‘आणि सातबाऱ्यावर मात्र त्याचं नाव बरोबरीने.’ ‘त्याला एकदा ऐकवायलाच हवं, त्याच्याच भल्यासाठी.’ मग रात्री साडेअकराला लांबलचक मेसेज, आणि दुसऱ्या दिवशी दोन घरांचं बोलणं बंद. सुरुवात आईच्या सेवेची, शेवट भावाच्या द्वेषात. वहीत ही वाक्यं एकाखाली एक लिहायची आणि मनातली शांती कुठल्या वाक्याला सुटली तिथे रेघ मारायची. इथे ती दुसऱ्या वाक्यात, ‘एकटाच’ या शब्दापाशी सुटली आहे. पुढच्या वेळी लढायचं ते तिथे. मेसेज लिहून होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला. आणि हो, जमिनीचा प्रश्न खरा असेल तर तो दिवसाउजेडी, कागदपत्रं घेऊन, तिसऱ्या माणसासमोर बोलायचा. प्रार्थनेने वारसनोंद होत नाही.

दुपारचा हल्ला निराळा. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे इव्हाग्रियस नावाचे तपस्वी होते, ३९९ मध्ये वारले. साधकाला छळणारे आठ विचार त्यांनी मांडले: खादाडपणा, वासना, पैशाचा लोभ, दुःख, राग, कंटाळा, लौकिकाची हाव आणि गर्व. त्यांतला कंटाळा सर्वांत जड, आणि त्याची वेळही त्यांनी दिली आहे, आपल्या घड्याळात साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन. सूर्य जागचा हलतच नाही असं वाटतं, साधक सारखा खिडकीबाहेर बघतो, मग जागा नकोशी होते, काम नकोसं होतं, आपल्यावर कुणाचं प्रेम उरलं नाही असं वाटू लागतं. घरी एकट्या असणाऱ्या बायका आणि निवृत्त माणसं हे वर्णन ऐकून चमकतात. इव्हाग्रियस यांचा सल्ला छोटा आहे: खोली सोडू नकोस. आम्ही त्यात एवढंच घालतो की या वेळेसाठी हाताने करायचं, मोजून संपणारं एक काम आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. अर्धा किलो वाल सोलणं चालेल. ‘घर आवरणं’ चालणार नाही, ते संपत नाही.

इव्हाग्रियस यांनी दिलेलं दुसरं शस्त्र म्हणजे विचाराला शास्त्रवचनाने उलट उत्तर. अर्थात मूळ उदाहरण येशूचं. रानात सैतानाकडून तीन मोह झाले, तिन्ही उत्तरं बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली: ८:३, ६:१६ आणि ६:१३. येशूने वाद घातला नाही, स्पष्टीकरण दिलं नाही. एक वाक्य, आणि विषय बंद. आम्ही जाड कागदाची पत्त्याएवढी कार्डं करून घेतो. एका बाजूला तो विचार, स्वतःच्या मनात जसा उमटतो त्याच शब्दांत, अगदी आगरी, कुपारी किंवा वाडवळी बोलीत असला तरी तसाच. दुसऱ्या बाजूला एक वचन. ‘एवढं होऊन देव मला कसा जवळ करेल’ याच्या मागे रोमकरांस ८:१. ‘लबाडांचं सगळं चांगलं चाललंय’ याच्या मागे स्तोत्र ७३, सतरावं वचन, कारण तो अख्खा स्तोत्रच या एका जळफळाटावर आहे. झोप न येता भीती दाटते त्यांना स्तोत्र ४ चं आठवं. तीन कार्डं पुरेत. वीस केली की ऐन वेळी एकही आठवत नाही. वचन मोठ्याने किंवा ओठ हलवून म्हणायचं, नुसतं मनात म्हटलं तर ते विचारांच्या गर्दीत हरवतं.

वचन संदर्भासकट पाठ करा हा आग्रह धरण्याचं कारणही त्याच प्रसंगात आहे. सैतानानेही वचनच सांगितलं. मंदिराच्या टोकावर उभं करून त्याने स्तोत्र ९१ मधली ११ आणि १२ ही वचनं म्हटली आणि तिथेच थांबला. तेराव्यात सिंह आणि सर्प पायांखाली तुडवण्याचं अभिवचन आहे, ते त्याने म्हटलं नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बहुतेकांची प्रार्थना कोरडी पडते. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो, पुनरुत्थानाचा सण दूर असतो. या दिवसांसाठी एकच नियम आम्ही भिंतीवर लावावा इतका महत्त्वाचा मानतो, इग्नेशियस यांचा पाचवा: मन अंधारात असताना आधी उजेडात घेतलेला निर्णय बदलू नका. साधना सोडणं, चर्च बदलणं, नोकरीचा राजीनामा, साखरपुडा मोडणं, घरातल्याशी कायमचं तोडणं, यांतलं काहीही या दिवसांत ठरवायचं नाही. आधी ठरलं होतं तेच चालू. उलट थोडं वाढवायचं. तासाची प्रार्थना जड जात असेल तर तासाहून किंचित जास्त थांबा, अशी सूचना आहे. आम्ही अर्ध्या तासाला दोन मिनिटं जोडायला सांगतो. त्या दोन मिनिटांत काही वेगळं करायचं नाही, फक्त उठायचं नाही. शत्रूने पाच मिनिटं कमी करायला लावायचा प्रयत्न केला आणि हाती दोन मिनिटं जास्त आली, असं दोन-चारदा झालं की तो मार्ग तो सोडतो.

या नियमाला आम्ही एक कुंपण घालतो आणि ते पहिल्या बैठकीतच सांगतो. घरात मारहाण होत असेल, जिवाला किंवा मुलांना धोका असेल तर ‘निर्णय बदलू नका’ हा नियम तिथे लावायचा नाही. आधी सुरक्षित जागी जायचं. सोसत राहण्याला आत्मिक लढाई म्हणणं हा या शिकवणुकीचा गैरवापर आहे.

कोरडेपणाची कारणंही तपासावीत. इग्नेशियस तीन देतात: आपली हयगय, आपली कसोटी, आणि समाधान ही आपली कमाई नसून कृपा आहे हे कळावं म्हणून. पहिलं कारण आधी बघा. रात्री एकपर्यंत जागून सकाळी साडेपाचला प्रार्थनेत झोप येते, त्यात सैतानाचा फारसा हात नसतो.

तेरावा नियम गुप्ततेचा. शत्रूला सर्वांत जास्त भीती असते ती त्याचं बोलणं दुसऱ्या कुणाला कळण्याची. म्हणून दर आठवड्याला एका माणसाशी वीस मिनिटं बोलायचं. कॅथलिकांना पापनिवेदन आहे, गोव्याकडे ज्याला कुमसार म्हणतात ते; तिथली गुप्तता धर्मगुरूवर पूर्ण बंधनकारक आहे. पण पापनिवेदनात पापं सांगायची असतात. इथे मोह सांगायचे आहेत, पाप अजून घडलेलं नसतानाच. त्यासाठी वयाने थोडं मोठं, तोंडाचं पक्कं माणूस निवडायचं, पुरुषाने पुरुष, बाईने बाई. प्रॉटेस्टंट मंडळीतल्या मित्रांकडे प्रार्थना-सोबती असतो, तीच जागा. बोलणं तीन वाक्यांत बसवावं: कुठला विचार परत परत येतो, कधी येतो, तो लपवावासा का वाटतो. ऐकणाऱ्याने उपदेश करू नये, आश्चर्यही दाखवू नये, शेवटी नाव घेऊन छोटी प्रार्थना करावी.

हे व्हॉट्सॲप गटात करू नका. तसंच दुसऱ्याच्या घरातली गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून सांगणं हा आपल्याकडे फार बोकाळलेला प्रकार आहे. ‘अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याचं पिणं पुन्हा सुरू झालंय’ हा निरोप पन्नास जणांना गेला की त्या माणसाला चर्चची पायरी चढणं कठीण होतं. मध्यस्थीची प्रार्थना करायला नाव पुरतं. तपशील देवाला ठाऊक आहे.

उपासाबद्दल थोडक्यात. चर्चच्या नियमाप्रमाणे राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे सक्तीच्या उपासाचे दिवस, १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा अगदी थोडं. मांसवर्जनाचा नियम १४ वर्षांपासून. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, आजारी माणसं यांनी उपास करू नये, दुसरं काहीतरी सोडावं. चहा सोडणार असाल तर तीन-चार दिवस आधीपासून कमी करत या, नाहीतर बुधवारी दुपारी डोकं ठणकतं आणि संध्याकाळी घरच्यांवर निघतं. उपासाच्या दिवशी संध्याकाळी सहा ते आठ ही चिडचिडीची वेळ असते, तेव्हा पैशाची आणि मुलांच्या अभ्यासाची बोलणी काढू नयेत. आणि उपास म्हणजे नवस नव्हे. देवाशी सौदा म्हणून केलेला उपास फळला नाही की माणूस रागावतो, तो राग महिनोन्महिने जात नाही. यशया ५८ उपासाच्या आदल्या रात्री वाचावा: भुकेल्याला भाकर, बेघराला आसरा. न जेवल्याने वाचलेले पैसे म्हणून त्याच दिवशी बाजूला काढायचे.

पवित्र पाणी, तेल, क्रूस यांबद्दलही मोकळं बोलावं लागतं. लिंबू-मिरची काढून तिथे क्रूस टांगला, पण मनातली भीती तीच राहिली, तर फक्त वस्तू बदलली. क्रुसाकडे बघून प्रार्थना होत नसेल तर तो दाराचा ताईत झाला आहे.

आता जिथे ही वही मिटून ठेवायची ते. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कानात आवाज येतात, जगणं नको वाटतं, एखादा लहान मुलासारखा किंवा परक्यासारखा बोलू लागला, तर आधी डॉक्टर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही सगळ्यांना लिहायला लावतो. चर्चची स्वतःची शिकवणही हीच आहे: भूत काढण्याच्या विधीआधी हा आजार नाही याची खात्री करून घेणं आवश्यक, आणि तो विधी स्थानिक बिशपांच्या स्पष्ट परवानगीने नेमलेल्या धर्मगुरूशिवाय कुणीही करू शकत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, करणारा कुठल्याही धर्माचा असो. औषध बंद करा आणि फक्त प्रार्थना करा असं सांगणाऱ्या माणसाच्या सभेला जाऊ नका. गोळी घेऊन झोपलेल्या माणसाची सकाळची प्रार्थना बरी होते, हे आम्ही पाहिलं आहे.

रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेसाठी चर्चच्या प्रार्थनाविधीतली रात्रप्रार्थना वापरावी. मंगळवारच्या वाचनात पेत्राच्या पहिल्या पत्रातला गर्जणारा सिंह आहे, बुधवारच्या वाचनात इफिसकरांस पत्रातला सूर्य मावळेपर्यंतचा राग. त्या वाचनानंतर ज्याच्याशी अबोला आहे त्याला दुसऱ्या दिवशी फोन करायची वेळ वहीत लिहायची. रात्री फोन करायचा नाही.

पास्काच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाच्या, आदल्या रात्रीच्या जागरणात मेणबत्त्या पेटवून सगळे उभे राहतात आणि बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा देतात. सैतानाला, त्याच्या कृत्यांना, त्याच्या भपक्याला नाकारता का, असे तीन प्रश्न येतात. गटातल्यांनी त्याआधी शनिवारी दुपारी वही काढून तीन नेमक्या गोष्टी लिहून आणायच्या, कारण नुसतं ‘होय’ म्हणणं सोपं जातं. ‘त्याची कृत्यं’ याच्या पुढे ज्याने भावाला लिहायचा मेसेज लिहिला असेल त्याचं ‘होय’ वेगळं असतं.

त्यानंतरचा आठवडा सांभाळायचा. लूक लिहितो की सगळे मोह संपवून सैतान संधी मिळेपर्यंत येशूला सोडून गेला. आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त घसरण पास्काच्या सोमवारपासून पुढच्या रविवारपर्यंत होते: सोडलेली दारू परत, सोडलेला फोन परत, ‘झाले की चाळीस दिवस’. म्हणून उपवासकाळात मन आनंदात असतानाच, दहाव्या नियमाप्रमाणे, पुढच्या कोरड्या दिवसांची तरतूद लिहून ठेवायला सांगतो: कुठली वेळ अवघड जाते, तेव्हा कुणाला गाठायचं, कुठलं कार्ड काढायचं. सकाळचा अर्धा तास पास्कानंतर वीस मिनिटांवर आला तरी चालतो. रात्रीची पंधरा मिनिटं कमी करायची नाहीत. आठवड्याचं बोलणं पंधरवड्यावर येतं, आणि पास्कानंतरच्या दुसऱ्या रविवारी नवा विषय घेऊन नव्या पानावर सात जोड्या रेघा आखायच्या.